घर : बालकाची पहिली पाठशाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या कार्यास पन्नास वर्षे पूर्ण होत असताना मला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही की बालरोगतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि तेव्हापासून कापडाच्या दुकानात बसलो. मात्र दुकानदाराला एक लाभ सहज मिळतो. सारा गाव त्याच्यासमोर येऊन बसतो, आणि गावाबरोबर गावातली मुलेही येतात.

साडी पसंत करण्यास आलेल्या एका आईला तिचे तीन वर्षांचे मूल विचारते, "आई, हा कुठला रंग?" आई सांगते, "हा मोरपंखी, तो आमसुली, आणि हा बघ, आपल्या दारातल्या अबोलीसारखा." दुसऱ्या आईचे मूल तोच प्रश्न विचारते, आणि त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. दोघींची माया सारखीच आहे. पहिलीला उसंत आहे, दुसरीला नाही, एवढाच फरक. घरी सासू-सासरे, स्वयंपाक, पाहुणे, आणि पती रात्री दहा वाजता घरी येणार! अशा वेळी त्या माऊलीला दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. घरातील लहान मुलांचे शिक्षण आणि घरातील माणसांचे स्वास्थ्य या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, हेच मला आज प्रामुख्याने मांडावयाचे आहे.

आपला ट्रस्ट वह्यांचे वाटप करतो, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, उच्च शिक्षणासाठी साहाय्य देतो. हे कार्य अभिमानास्पद आहे. परंतु ही सर्व मदत मूल दहा-पंधरा वर्षांचे झाल्यानंतर त्याच्यापर्यंत पोहोचते. इमारतीचा पाया मात्र त्यापूर्वीच भरला गेलेला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे ३ ते ८ हा स्वतंत्र 'पायाभूत स्तर' मानला. २०२१ मध्ये केंद्र शासनाने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी, हा त्याचा हेतू. असे अभियान काढण्याची वेळ का आली? 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचे आकडे पाहा. दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ती २०.५ वर आली आणि २०२४ साली पुन्हा २७.१ झाली. म्हणजे चारपैकी जेमतेम एक! या आकड्यांत खाजगी शाळांतील मुलेही आहेत. फी भरली म्हणजे शिक्षण विकत घेतले, हा आपल्या व्यापारी मनाचा हिशेब येथे जुळत नाही.

आपल्या परंपरेने घरातील शिक्षणाचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या कन्यांना, ब्राह्मी आणि सुंदरी यांना, स्वतः शिकविले. ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी आणि सुंदरीला डाव्या हाताने अंक शिकविले, अशी कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. या कथेतील तीन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. शिकविणारा पिता आहे, शिकणाऱ्या मुली आहेत, आणि शाळा घरातच आहे. राज्याचा कारभार सांभाळणाऱ्या पित्याला यासाठी वेळ मिळाला, तर पेढी सांभाळणाऱ्याला का मिळू नये?

अलीकडच्या काळात हाच विचार आपल्या प्रदेशात रुजविला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई तेथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये त्यांचे कार्य बहरले. महागडी परदेशी साधने आणणे शक्य नव्हते. म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविली. आज आपण ज्याला 'अंगणवाडी' म्हणतो, त्या कल्पनेचे मूळ या कार्यात आहे. खेडोपाडीच्या झोपडीत बियांवरून गणित शिकता येत असेल, तर आपल्या घरात काय कमी आहे?

आपले स्वयंपाकघर ही तर मोठी प्रयोगशाळा आहे. मटार सोलणे, शेंगा फोडणे, पोळीच्या गोळ्याला आकार देणे यांतून बोटांना बळ येते. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन अक्षरे गिरविण्याची सक्ती करण्यापूर्वी ही बोटे तयार व्हावी लागतात. डब्यातील राजमा आणि हरभरा वेगळा करणे हे वर्गीकरण आहे. (तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मात्र बारीक दाणे वा बटणे देऊ नयेत, ती घशात अडकण्याचे भय असते.) ताटे मांडताना "आज जेवायला किती जण? मग वाट्या किती?" असे विचारणे ही गणिताची पहिली पायरी होय. धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, रुमालाची चौकोनी घडी घालून पुन्हा त्रिकोणी घालणे, हीच भूमिती.

दुकानाचे म्हणाल तर आमच्या वडीलधाऱ्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असे. सव्वादोन मीटरचा भाव सांगण्यासाठी त्यांना यंत्र लागत नसे. ते पाठांतर आज परत आणावे, असे मी म्हणत नाही. परंतु रविवारी मुलाला दुकानात आणून लोखंडी मीटर त्याच्या हाती द्या. अर्धा मीटर म्हणजे केवढे, पाव म्हणजे केवढे, हे कापडावर एकदा हाताने मोजले की पुढे अपूर्णांकाची भीती वाटत नाही.

मराठी अंकांची आणखी एक गंमत आहे. 'एकोणतीस' म्हटले की मुलाच्या कानाला 'तीस' ऐकू येते आणि ते ३९ लिहून मोकळे होते. ही अडचण लक्षात घेऊन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस नऊ' अशा धर्तीची वाचनपद्धती दिली गेली आणि तिच्यावर महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. पण मूल चुकले तर त्याला 'ढ' ठरविण्यापूर्वी, 'एकोणतीस' म्हणजे 'तिसाला एक उणा' हे दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून कोणी दाखविले का, हे आपण स्वतःला विचारावे.

आता भाषेविषयी. आपल्या समाजात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी गुजराती, मारवाडी वा कन्नड बोलली जाते. अनेक घरांत आजी मुलाशी एका भाषेत बोलते आणि आई-वडील मात्र तोडक्या इंग्रजीत, "ॲपल खा, हँड वॉश कर" असे बोलतात. मुलाला इंग्रजी यावी ही इच्छा रास्त आहे. मीही तिच्या विरोधात नाही. परंतु ज्या भाषेत आपल्याला राग, लोभ, थट्टा आणि गोष्ट सहज येते, तीच भाषा मुलाला भरपूर शब्द देऊ शकते. एका भाषेचा पाया भक्कम असेल तर दुसरी भाषा त्यावर उभी राहते. नव्या धोरणानेही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिकविण्याचा आग्रह धरला आहे. म्हणून आजीने तिच्या भाषेत, आईने तिच्या भाषेत मनसोक्त बोलावे. रोज निजण्यापूर्वी एक गोष्ट सांगावी. गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. "मग तू काय केलं असतंस?" एवढेच विचारावे आणि थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

मोबाईलचा विषय टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एका तासापेक्षा अधिक नको, आणि त्याहूनही कमी तर उत्तम. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास चांगली झोप हवी. या शेवटच्या वाक्याकडे व्यापारी बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. वडील दहाला घरी येतात, मूल त्यांच्या वाटेकडे डोळे लावून साडेदहापर्यंत जागते, आणि सकाळी सातला शाळेची रिक्षा दारात उभी राहते. ही झोप कुठून भरून निघणार? आणि जे मूल जागत नाही, ते आठवडाभर पित्याला केवळ झोपलेलेच दिसते.

"दुकान लवकर बंद करावे काय? खरे गिऱ्हाईक तर सायंकाळीच येते," असे आपण म्हणाल. ते मलाही ठाऊक आहे. शटर लवकर ओढा, असे मी सांगत नाही. परंतु बहुतेक दुकानांत दोन भाऊ, पिता-पुत्र वा भागीदार असतात. विश्वासू माणसे असतात. आपसांत पाळी लावा. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याने आठवड्यातून निदान तीन दिवस साडेसातला घरी पोहोचावे आणि त्या दिवशीचा रोजमेळ दुसऱ्याने मिळवावा. आपण सामायिकासाठी ४८ मिनिटे काढतो. तेवढाच वेळ फोन बाजूला ठेवून मुलासाठी काढावा. त्यात अभ्यास घ्यावा असे नाही. सोबत जेवावे, पाठीवर घ्यावे, दिवसभराची हकिगत ऐकावी. या पाळीने धंद्यात थोडे कमी होईल, हे मी लपवीत नाही. पण जे मिळेल ते पुढे कोणत्याही भावाने विकत मिळणार नाही.

याच वेळात त्या मुलाच्या आईला उसंत मिळेल. तिने वाचावे, फिरायला जावे, अथवा नुसते शांत बसावे. मूल झाल्यानंतरच्या काळात कित्येक सुना उदास होतात, विनाकारण रडतात, झोप हरवून बसतात. घरातले म्हणतात, "सगळे सुख असून हिला झाले तरी काय?" भगिनींनो, हा स्वभावदोष नव्हे, हा उपचाराने बरा होणारा त्रास आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यात कोणताही कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. दमलेली, मनातून खचलेली आई मुलाला रंगांची नावे कशी सांगणार? तिचे स्वास्थ्य जपणे हेही मुलाचे शिक्षणच आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच समाजाचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने दिले, हे आपण सारे जाणतो. त्या घराने परक्यांच्या मुलांसाठी एवढे केले. आपल्याला आज सोने द्यावयाचे नाही; आपल्याच मुलासाठी केवळ वेळ द्यावयाचा आहे.

आता सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, ट्रस्टच्या सभागृहातील एक कपाट बालपुस्तकांसाठी द्यावे. चित्रांची, मोठ्या टाइपाची पुस्तके आठवड्याला घरी नेता यावीत. पुस्तक फाटले तर दंड नको. फाटलेले पुस्तक म्हणजे हाताळलेले पुस्तक होय. दुसरी, दर महिन्याला तरुण मातांची एक बैठक व्हावी. तिला बालरोगतज्ज्ञ वा बालवाडीच्या अनुभवी शिक्षिकेला बोलवावे, आणि त्या वेळी मुलांना सांभाळण्याचे काम आपण आजोबा मंडळींनी करावे. सकाळी कट्ट्यावर बसून देशाचे राजकारण सोडविण्यापेक्षा हे काम अवघड आहे, पण आपल्याला जमेल! तिसरी, आपली वार्षिक शैक्षणिक मदत दहावीनंतरच सुरू न होता तिचा काही हिस्सा बालवाडीच्या वयासाठी राखून ठेवावा आणि त्याचा लाभ आपल्या दुकानांत काम करणाऱ्या माणसांच्या मुलांनाही मिळावा. त्यांचे वडीलही आपल्यामुळेच रात्री उशिरा घरी पोहोचतात, हे आपण विसरू नये.

बंधू-भगिनींनो, कापडाच्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. रंग उडाला तर कापड पुन्हा रंगविता येते. पण विणताना ताण्याचे धागे सुटले तर वरच्या रंगाने ते झाकत नाही. आठ वर्षांपर्यंतचे वय हा तो ताणा आहे. तो घरातच लागतो आणि घरातील सर्वांनी मिळून लावावा लागतो. आज घरी गेल्यावर मूल जागे असेल तर त्याच्याजवळ बसा. झोपले असेल तर उद्या कोणत्या दिवशी लवकर यायचे, ते भावाशी बोलून ठरवा.