युरियाच्या गोणीतलं पाणी

परभणीहून मनमाडच्या दिशेनं निघालं की पेडगाव लागतं. दोन्ही बाजूंना काळी रानं, कापूस, सोयाबीन. पाऊस पडून वापसा आला की कपाशीला युरिया हवा, आणि नेमका तेव्हाच दुकानदार म्हणतो, 'उद्या या.' आज त्या पांढऱ्या दाण्याबद्दलच बोलायचं आहे.

युरिया होतो अमोनियापासून. अमोनिया नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून. हवेत नायट्रोजन शेकडा 78, पण मोठा हट्टी. आपली जोडी सोडत नाही. 1909 साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाब, उष्णता आणि उत्प्रेरक वापरून त्याला वळवलं. त्यांनी वापरलेला ऑस्मियम दुर्मीळ. मिटाश यांनी हजारो प्रयोग करून थोडी भेसळ केलेलं साधं लोखंडच चालतं, हे दाखवलं. उत्प्रेरक म्हणजे आमच्या निकाहातला वकील. दोघांचं जुळवून देतो, त्यांच्या संसारात मात्र राहत नाही.

आता हायड्रोजन आणायचा कुठून? रायगड जिल्ह्यातल्या थळच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि देशाला लागणारा बराच वायू जहाजानं परदेशातून येतो. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि वायू जगभर महागला.

दुसरी वाट म्हणजे पाण्यात वीज सोडून हायड्रोजन वेगळा करायचा. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर धूर नाही. जानेवारी 2023 मध्ये केंद्रानं यासाठी मोहीम मंजूर केली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य.

'पाण्यापासून' म्हटलं की मराठवाड्यातला माणूस दचकतो. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणलेलं आपण पाहिलं आहे. मीही दचकलो, मग कागद घेऊन हिशेब मांडला. 45 किलोच्या गोणीत नायट्रोजन सुमारे 21 किलो. त्याला हायड्रोजन लागतो साडेचार किलो, आणि तेवढ्यासाठी पाणी सुमारे 40 लिटर. दोन-तीन घागरी! शुद्धीकरणाचं आणि यंत्र थंड ठेवायचं पाणी वेगळं धरलं, तरी भीती पाण्याची नाही.

भीती विजेची. एक किलो हायड्रोजनला साधारण 50 युनिट, म्हणजे गोणीमागे सव्वादोनशे युनिट. तीन रुपये दर धरला तरी पावणेसातशे रुपये झाले. गोणीची सरकारी किंमत, निंबोळी तेलाचा लेप आणि कर सोडून, 242 रुपये. आजही अनुदानावरच चालतं म्हणा. पण ही नवी तफावत कोण भरणार, ते शेतकऱ्याला आधी कळलं पाहिजे.

आणखी एक पेच आहे. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, गोणीमागे 33 किलो. आज तो त्याच नैसर्गिक वायूतून मिळतो. हायड्रोजन पाण्यातून काढला तर हा कुठून आणणार? आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आसवनीत मळी आंबते, तेव्हा हाच वायू जवळजवळ शुद्ध निघतो. तो साठवणं सोपं आहे. कारखाना कुठे काढायचा, हे ठरवणाऱ्यांनी एकदा उसाच्या पट्ट्याकडेही पाहावं.