खोडलेलं दिसू द्या

हडपसरच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव उपविधींच्या दुरुस्तीचा मसुदा टाइप करताहेत असं समजा. सर्वसाधारण सभेपुढे ठेवताना जुना शब्द आडव्या रेघेनं खोडलेला आणि नवा अधोरेखित दिसला, तर सभासदाला फरक चटकन कळतो. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ई दाबलं की ट्रॅक चेंजेस सुरू होतं. पण ती खूण बदल स्वीकारताच जाते. सूचनेत छापायची रेघ हवी, तर स्ट्राइकथ्रू वापरावं लागतं. अधोरेखनाला कंट्रोल-यू आहे. स्ट्राइकथ्रूला मात्र अशी सोपी कळ आधीपासून दिलेली नसते.

ती आपण ठरवायची. फाइल, ऑप्शन्स, मग कस्टमाइज रिबन. तळाशी कीबोर्ड शॉर्टकट्सपुढचं कस्टमाइज दाबा. ऑल कमांड्समध्ये स्ट्राइकथ्रू शोधा, हवी ती कळजोडी दाबा. थांबा, असाइन करण्याआधी खाली बघा: ती जोडी आधीच दुसऱ्या कामाला दिलेली असेल तर तिथंच दिसतं. लिब्रेऑफिसमध्ये हेच टूल्समधल्या कस्टमाइजच्या कीबोर्ड विभागात. पन्नास कलमांचा मसुदा असेल, तर दर वेळी माउसकडे जाणारा हात वाचतो आणि लक्ष मजकुरावर राहतं.