आधी पत्ते, मग स्क्रीन

पैसे भरताना "बॅक बटण दाबू नका, पान रिफ्रेश करू नका" ही सूचना तुम्ही अनेक संकेतस्थळांवर वाचली असेल. आपण ती धसक्याने पाळतो, आणि पैसे अडकले की आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालतो. माझ्या मते उणीव बहुतेक वेळा रचनेत असते. शेकडो स्क्रीन असलेलं ॲप्लिकेशन बांधताना, माणूस या घडीला नेमका कुठे आहे हे ब्राउझरला कळण्याची सोयच केलेली नसते. मग ते सांभाळण्याचा भार माणसावर येतो. म्हणून मोठ्या वेब ॲप्लिकेशनची आखणी पत्त्यांपासून, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या त्या ओळीपासून सुरू करावी. रंग, मेनू, बटणं नंतर, असं मला सांगायचं आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जो प्रस्ताव मांडला, त्यातून पुढे वेब उभं राहिलं. प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा पत्ता, हा त्या वेबचा कणा. मागे जाणं, पान खूण करून ठेवणं, दुसऱ्याला दुवा पाठवणं हे सारं त्यावरच उभं आहे. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, आणि पान पुन्हा न उघडता त्यातला मजकूर बदलता येतो हे सगळ्यांना दिसलं. वेग मिळाला, पण अनेक ठिकाणी पत्ता गोठला. दहा स्क्रीन येऊन गेल्या तरी ओळ तीच. बॅक दाबलं की माणूस थेट ॲप्लिकेशनबाहेर. यावर हॅश चिन्हाची तोड निघाली, मात्र त्या चिन्हापुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. २०१० मध्ये ट्विटरने आपली नवी रचना याच चिन्हावर उभी केली. एक ट्विट वाचायचं तर आधी रिकामा सांगाडा, मग जावास्क्रिप्ट, मग पत्त्याचा उलगडा आणि शेवटी मजकूर, असा फेरा पडू लागला. मे २०१२ मध्ये कंपनीने साधे पत्ते आणि सर्व्हरवर तयार होणारी पानं यांच्याकडे परतत असल्याचं जाहीर केलं. पहिलं पान उघडायला लागणारा वेळ त्यामुळे पूर्वीच्या एक पंचमांशावर आला, असं तिच्या अभियंत्यांनी नोंदवलं. आता तर पान न बदलता पत्ता बदलण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे, आणि २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीएमएल ५ मध्ये तिला जागा मिळाली. तांत्रिक अडचणीची सबब उरलेली नाही.

पत्त्यांपासून सुरुवात केल्याचा मोठा फायदा आखणीच्या टेबलावरच दिसतो. विद्यापीठाचं ॲप्लिकेशन घ्या: महाविद्यालय, त्याच्या आत विद्यार्थी, विद्यार्थ्याच्या आत परीक्षा, परीक्षेच्या आत निकाल. पत्त्यातल्या प्रत्येक तिरक्या रेषेबरोबर स्क्रीनचा एक आतला भाग उघडतो. विद्यार्थी बदलला तरी महाविद्यालयाचं शीर्षक आणि बाजूची यादी जागेवर राहते, फक्त आतला तुकडा बदलतो. एम्बर आणि रिॲक्ट राउटर यांसारखी साधनं याच तत्त्वावर चालतात, आणि एकेक फांदी एकेका गटाकडे सोपवता येते. पत्ते आधी आखले नाहीत तर उलटं घडतं. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलं होतं की संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेच्या अंतर्गत संपर्काचीच रचना उतरते. आपल्याकडच्या कितीतरी संकेतस्थळांचे मेनू पाहा, कार्यालयातल्या विभागांची यादीच समोर येते. विद्यार्थ्याला शुल्क भरायचं असतं, त्याला लेखा शाखेशी काय कर्तव्य? पत्त्यांची यादी कागदावर लिहून वाचली, की ही गफलत कोड लिहिण्याआधी पकडता येते.

यावर काही आक्षेप रास्त आहेत. उघडलेला मेनू, अर्धवट लिहिलेलं वाक्य, हेही पत्त्यात घालायचं का? नाही. तिथे परत यावंसं किंवा ते दुसऱ्याला पाठवावंसं कुणाला वाटेल का, एवढी कसोटी पुरे. शोधाचे निकष, निवडलेली तारीख, यादीचं तिसरं पान या कसोटीला उतरतात. गोपनीयतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पत्ते ब्राउझरच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदींत उरतात, म्हणून आधार क्रमांक किंवा पासवर्ड तिथे कदापि नको. पण पत्ता लपवून माहिती सुरक्षित होत नाही. मागणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासायचं असतं. फॉर्म स्वीकारल्यावर सर्व्हरने माणसाला लगेच पावतीच्या वेगळ्या पत्त्यावर न्यावं, ही रीतही जुनी आणि पक्की आहे. मग पान कितीदा रिफ्रेश केलं तरी पावतीच पुन्हा दिसते, रक्कम दुसऱ्यांदा जात नाही. मोबाइल ॲपला कुठे पत्त्याची पट्टी असते, असंही विचारतात. पट्टी नसते, पण २०१५ मध्ये आयओएस ९ आणि अँड्रॉइड ६ या दोन्हींनी वेबचा दुवा थेट ॲपमधल्या नेमक्या स्क्रीनवर उघडण्याची सोय दिली.

किंमत मोजावी लागते ती पत्ते टिकवण्याची. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नयेत असा आग्रह धरला होता. निकालाचा दुवा एकदा हजारो पालकांच्या व्हॉट्सॲपवर गेला की तो परत घेता येत नाही. म्हणून पत्त्यात विभागाचं, अधिकाऱ्याचं किंवा वापरलेल्या तंत्राचं नाव असू नये, कारण ती आधी बदलतात. बदल अटळच असेल तर सर्व्हरने ३०१ हा संकेत देऊन जुन्या पत्त्यावरून आलेल्याला नव्या जागी पोचवावं, आणि जुन्या-नव्या पत्त्यांची वही कोणी सांभाळायची हे ॲप्लिकेशन लोकांच्या हाती जाण्यापूर्वी ठरलेलं असावं.