फुलांची मांडणी : क्योतोची आणि आदिलाबादची

(नभोवाणीवरील भाषण)

फुले देवाला वाहावयाची, केसांत माळावयाची किंवा हारात ओवावयाची, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. फुले मांडणे हे गाण्याइतकेच किंवा चित्र काढण्याइतकेच साधनेचे काम आहे, असे म्हटले की जाणत्या श्रोत्यांना प्रथम जपानची आठवण होते, आणि ती योग्यच आहे. परंतु पुष्परचनेची एक स्वयंपूर्ण कला पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, दरवर्षी घराघरांतून प्रकट होत असते. तिचे नाव बतुकम्मा. ह्या दोन कला शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे दोहोंचेही मर्म अधिक स्पष्ट होते.

जपानी पुष्परचनेला इकेबाना म्हणतात. क्योतो येथील रोक्काकुदो मंदिरात बुद्धमूर्तीपुढे फुले ठेवणाऱ्या पुजाऱ्यांच्या परंपरेतून इकेनोबो हा तिचा सर्वांत जुना संप्रदाय उदयास आला. त्यातील सेनकेई ह्याच्या रचनेची नोंद १४६२ सालची आहे. पुढे ओहारा उन्शिन ह्याने उथळ पात्रातील रचना रूढ केली, तर १९२७ साली सोफू तेशिगाहारा ह्याने सोगेत्सु संप्रदाय स्थापून ह्या कलेला आधुनिक शिल्पाच्या जवळ नेले. १९५६ साली टोकियोत इकेबाना इंटरनॅशनल ही संस्था निघाली, आणि तिच्या द्वारा ही कला देशोदेशी पोहोचली. हैदराबादेतही ओहारा संप्रदायाची शाखा असून तेथे प्रात्यक्षिके व प्रदर्शने होत असतात.

ह्या प्रदर्शनांचा खरा सूत्रधार म्हणजे ऋतू. वसंतात चेरीची फांदी, उन्हाळ्याच्या तोंडी आयरिस, शरदात रानगवते व शेवंती, आणि नववर्षाच्या थंडीत पाइन, बांबू व प्लम, असा हा क्रम आहे. कमळाच्या रचनेत कळी, उमललेले फूल आणि बीजकोश एकत्र ठेवून भविष्य, वर्तमान व भूत हे तिन्ही काळ सुचविले जातात. प्रात्यक्षिक करणारा कलावंत प्रेक्षकांसमक्ष नको ती पाने व डहाळ्या छाटतो, आणि उरलेल्या मोजक्या रेषांतून रचना उभी करतो. रिकामी जागा हाही तेथे रचनेचाच भाग असतो.

आता आदिलाबादकडे वळावे. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे भाग ह्याच जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगाकाठच्या गावांतून मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी ह्या भाषा शेजारी शेजारी नांदतात. येथेही फुलांचे वर्ष ऋतूंप्रमाणे फिरते. फाल्गुनात पळस पेटतो आणि त्याच्या फुलांचा रंग होळीला होतो. चैत्रात मोहाची फुले पहाटे झाडाखाली पडतात, आणि उगादीच्या पच्चडीत कडुलिंबाचा मोहर पडतो. संक्रांतीला तेलुगू अंगणांतील रांगोळीवर शेणाचे गोळे मांडून त्यांत भोपळ्याची व झेंडूची फुले खोवतात. परंतु ह्या वर्षाचा कळस म्हणजे भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंतचे बतुकम्मेचे नऊ दिवस.

पावसाळा सरत आलेला असतो आणि तलाव भरलेले असतात. माळावर तरवड पिवळ्या फुलांनी लदून जातो. त्याला तेलुगूत तंगेडु म्हणतात, आणि तेच तेलंगणाचे राज्यपुष्प आहे. शेतांतून व बांधांवर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे डोलू लागतात. त्याला गुनुगु म्हणतात. घरचे पुरुष व मुले सकाळी ही फुले भाऱ्यांनी आणतात, आणि पुढचे सारे काम स्त्रियांच्या हाती जाते.

रचनेची रीत पाहण्याजोगी आहे. परातीत किंवा रुंद ताटात प्रथम भोपळ्याची अथवा तरवडाची पाने पसरतात. त्यांवर कडेने फुलांचे पहिले वर्तुळ बसते. कुर्डूचे काही तुरे सारख्या लांबीचे कापून, जुड्या बांधून, रंगाच्या पाण्यात बुडवून घेतलेले असतात. पिवळे, पांढरे, तांबडे, जांभळे असे एकेक वर्तुळ किंचित आत घेत वर चढत जाते. मधल्या पोकळीत छाटलेली पाने व देठ दाबून भरतात, कारण हा भराव सैल राहिला तर सारा मनोरा एका अंगाला कलतो. झेंडू व शेवंती वरच्या थरांत येतात. शेंड्यावर भोपळ्याचे फूल किंवा कमळ, आणि तेथे हळदीची गौरम्मा. जपानी कलावंत जे छाटून टाकतो तेच येथे रचनेचा गाभा होते. इकेबाना वजाबाकीची कला म्हटली, तर बतुकम्मा ही बेरजेची कला म्हणावी लागेल.

नऊही दिवसांना स्वतंत्र नावे आहेत. बहुतेक नावे त्या त्या दिवसाच्या नैवेद्यावरून पडली आहेत : पोह्यांची, भिजवलेल्या तांदळाची, धिरड्यांची. सहावा दिवस रुसलेल्या बतुकम्मेचा. त्या दिवशी फुले रचीतच नाहीत. शेवटची सद्दुल बतुकम्मा सर्वांत मोठी. त्या संध्याकाळी माहेरी आलेल्या मुली, सुना व म्हाताऱ्या आपापल्या बतुकम्मा चौकात मधोमध ठेवून, टाळ्या वाजवीत, गाणी म्हणत फेर धरतात. मग रचना डोक्यावर घेऊन मिरवणूक तलावाकडे जाते आणि फुले पाण्यात सोडली जातात. दही-भात, चिंचेचा भात, मलिदा वाटून घेऊन मंडळी घरी परततात. तेलुगूत 'बतुकु' म्हणजे जगणे; 'आई, तू जग' असा ह्या नावाचा भाव सांगतात.

महाराष्ट्रातील श्रोत्याला ह्यात आपल्या घरचे बरेच काही ओळखू येईल. भोंडला, हादगा किंवा विदर्भातील भुलाबाई ह्यांतही माहेरवाशिणींचा फेर आणि सासर-माहेरची गाणी आहेत. नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ आपल्याकडेही पुष्कळ घरी घालतात. भाषा बदलली तरी ह्या ऋतूतील माळरान एकच आहे.

तथापि दोन कलांत एक मोठा भेद आहे, आणि तो चिंतेचा आहे. इकेबानाला संप्रदाय आहेत, ग्रंथ आहेत, परीक्षा व पदव्या आहेत. बतुकम्मेची विद्या आईच्या हातातून मुलीच्या हातात जाते. तिला दुसरी शाळा नाही. २०१४ साली तेलंगण राज्य झाले तेव्हा तिला राज्योत्सवाचा मान मिळाला, भव्य समारंभ होऊ लागले. परंतु राजमान्यतेने उत्सव मोठा होतो, रानफूल उगवत नाही. कुर्डू हे शेतकऱ्याच्या दृष्टीने तण आहे, आणि कापूस व सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाची फवारणी वाढली तशी त्याची जागा आकसत चालली आहे. पडीक माळ नांगराखाली किंवा घरांखाली गेला की तरवडही जातो. शहरातल्या स्त्रीला मग ही फुले बाजारात विकत घ्यावी लागतात, किंवा नुसत्या झेंडूवर भागवावे लागते. ज्या मुलीने तरवड माळावर पाहिलाच नाही, तिच्या हातात वर्तुळाची रीत कदाचित राहील; परंतु ती कोणत्या ऋतूची खूण आहे हे तिला कळणार नाही.

ह्यावर उपाय अगदी आवाक्यातला आहे. तरवड बियांपासून सहज येतो, अवर्षणात टिकतो, आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. शाळेच्या कुंपणाला, तलावाच्या पाळीवर, शेताच्या बांधावर त्याची चार झुडपे राखणे कोणालाही जड नाही. कुर्डूची कोवळी पाने भाजीला चालतात. बांधालगतची एक पट्टी फवारणीतून सोडली तर भाजी आणि फुले दोन्ही मिळतील. शाळांतून ह्या रचनेची प्रात्यक्षिके व्हावीत, आणि ती करून दाखविण्यास गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाच पाचारण करावे. जपानी संप्रदायाच्या आचार्याला जो मान मिळतो, तो त्यांनाही मिळण्यास हरकत नसावी.

इकेबानाची रचना तबकात काही दिवस टिकते. बतुकम्मा त्याच संध्याकाळी पाण्यात जाते. टिकावयाचे असते ते ताटातील फूल नव्हे, माळावरचे झुडूप आणि ते ओळखणारी नजर. येत्या आश्विनात परातीत फुलांचा पहिला फेरा बसविताना घरातल्या लहान मुलीला हाताशी घ्यावे, आणि त्याआधी एका सकाळी तिला माळावर नेऊन तरवड दाखवावा.