क्यू 96 म्हणजे काय?

कासार आंबोली, पिरंगुट, पौड परिसरातल्या पालकांनो, एखाद्या मुलीची उंची वाढेनाशी झाली की घरचे म्हणतात, 'आजीवर गेली.' असेलही! पण साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला जन्मतः टर्नर सिंड्रोम असतो. एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं. रक्ताच्या कॅरिओटाइप चाचणीत ते कळतं.

मग फाइलवर कोड पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 यादीत टर्नरला क्यू 96. अहवालात '45,एक्स' असेल तर 96.0. तपशीलच नसेल तर 96.9, आणि ही नोंद मला अर्धवटच वाटते. तीन एक्स असतील तर ते टर्नर नव्हेच. तिथे क्यू 97.0. टर्नरसोबत महाधमनी अरुंद असेल, तर तिचा कोड वेगळा.

गोम आहे 96.3 मध्ये. काही पेशी 45,एक्स आणि बाकीच्या 46,एक्सएक्स किंवा 46,एक्सवाय, दोन्हींना हाच कोड. पण वाय गुणसूत्र असेल तर बीजग्रंथीत गाठ होण्याचा धोका वाढतो, उपचाराचा निर्णय बदलतो. म्हणून नुसत्या कोडवर विसंबू नका. मूळ कॅरिओटाइप अहवालाची प्रत मुलीच्या फाइलीत जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा.