परिचारिकेचें आरोग्य
(महोत्सवी सभेंतील भाषण)



आजाऱ्यांच्या उशाशीं रात्री काढणाऱ्या परिचारिकांविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. त्यांची स्तुति पुष्कळ होते. जेवणाझोपेची चौकशी मात्र क्वचितच. म्हणून तोच विषय आम्हीं घेतला आहे.

१९३० सालीं पोप अकरावे पायस ह्यांनीं संत कॅमिलस ह्यांस परिचारिकांचे आश्रयदाते केलें. ह्या संताच्या पायाची जखम जन्मभर भरली नाहीं. रोमच्या इस्पितळांत ते प्रथम रुग्ण म्हणूनच आले. सेवा करणाऱ्याचेंहि शरीर मातीचें असतें, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

उजेडांत जागावें, अंधारांत निजावें, ही देहाची घडी रात्रपाळीनें मोडते. मग अवेळीं भूक, चहावर चहा, दिवसां अर्धवट झोंप. कर्करोगाचें संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००७ सालीं रात्रपाळीस 'बहुधा कर्करोगकारक' ठरविलें व २०१९ सालीं तोच निर्णय कायम केला. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें कामाच्या ताणानें येणाऱ्या थकव्याचीं तीन लक्षणें सांगितलीं: शक्ति सरणें, कामाविषयीं मन विटणें, व आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें. मन विटलें कीं चांगल्या संवयी सुटतात. दुसऱ्यास पथ्य सांगणारीच उपाशी राहते.

आशा, आत्मविश्वास, पडून पुन्हां उठण्याचें बळ व प्रसन्न दृष्टि, ह्यांस मानसशास्त्रज्ञ मनाचें भांडवल म्हणतात. तें ज्या बाईपाशीं आहे ती थकली तरी डबा उघडून जेवते. उद्यांचा दिवस आपल्या हातीं आहे असें तिला वाटतें. शब्द आम्हांस आवडला, कारण भांडवल खर्चतेंहि! तें आहे म्हणून वाटेल तितका बोजा लादणें आम्हांस मान्य नाहीं. एका परिचारिकेकडे किती रुग्ण द्यावे, हा प्रश्न तिच्या धीराचा नसून व्यवस्थापकांचा आहे.

एलिया संदेष्टा मरण मागत झुडुपाखालीं निजला, तेव्हां दूतानें त्यास बोल लावला नाहीं. भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, पुन्हां जेवूं घातलें. मगच तो पुढें चालूं लागला.

आपल्या घरची मुलगी किंवा सून रात्रपाळीहून परतते, तेव्हां तिच्या हातीं केरसुणी देऊं नये. गरम पेज द्यावी, खिडकीचा पडदा ओढावा, मुलांस अंगणांत धाडावें. रविवारीं ती मिस्सेला दिसली नाहीं तर कुजबुज करूं नये. रुग्णसेवेंत गुंतलेल्यांस ख्रिस्तसभा त्या बंधनांतून मोकळीक देते, आणि शनिवारच्या सायंकाळची मिस्साहि तिला चालते.