तिचं घर दांडिया बाजारात आहे
(समा, बडोदे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

संध्याकाळचे सहा वाजले की माझी आई कापडी पिशवी उचलते आणि म्हणते, "चल, घरी जाऊ." इथे समाला येऊन तिला बावीस वर्षं झाली. पण तिचं घर म्हणजे दांडिया बाजारातला वाडा, लग्न होऊन ती जिथे आली तो. तो वाडा आता उभा नाही. सुरुवातीला मी तिला समजावत असे, "आई, हेच आपलं घर." ती रडायची. तिथे चूक माझी होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना आईसारखा स्मृतिभ्रंश आहे. विसरण्याइतकंच वाईट म्हणजे या आजारात माणसं तुटतात. पाहुणे येतात, पण "आता कशी आहे?" हे आपल्याला विचारतात. तिला कुणी काही विचारत नाही.

डोळ्यांवर चढवायच्या आभासी वास्तवाच्या चष्म्याबद्दल मला म्हणूनच आस्था वाटते. ब्रिटनमध्ये 'द वेबॅक' या उपक्रमाने १९५३ सालच्या राज्याभिषेकाच्या दिवसाची एक गल्ली चष्म्यातल्या चित्रफितीसाठी पुन्हा उभी केली. अमेरिकेतली रेन्डेव्हर ही कंपनी वृद्धाश्रमात अनेकांना एकाच वेळी एकच दृश्य दाखवते. मला हे दुसरं अधिक मोलाचं वाटतं, कारण पाहून झाल्यावर बोलायला शेजारी कुणीतरी असतं. पण दाखवायचं काय? साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त ठळक राहतात. म्हणून आपल्या आयांना स्वित्झर्लंडचे डोंगर दाखवून फारसं साधणार नाही.

माझ्या भाच्याने सुरसागर तलावाच्या काठावर चहूबाजूंचं चित्रण केलं. आईला खुर्चीत बसवलं, तिला विचारून चष्मा लावला, मी तिचा हात धरला. ती आधी बावरली. "हे एवढे महादेव कधी आले?" तलावाच्या मधोमध उभी असलेली ती मूर्ती तिच्या तरुणपणी नव्हती. मग ती कठडा चाचपू लागली आणि मला म्हणाली, "नीट धर गं, पडशील." किती दिवसांनी ती माझी आई झाली होती!

पाच मिनिटांत चष्मा काढला. शेजारच्या गुजराती काकी बसल्या होत्या. त्यांना आईने तलावाकाठची संध्याकाळ सांगितली, अर्धी मराठीत, अर्धी गुजरातीत, बराच वेळ. त्याही संध्याकाळी सहाला तिने पिशवी उचललीच. पण काकींना म्हणाली, "तुम्हीपण चला."

हे औषध नव्हे. आजवरचे बरेचसे अभ्यास छोटे आहेत. ज्यांना भास होतात किंवा फिट्स येतात त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चष्मा वापरू नका. चक्कर आली, भीती वाटली, तर लगेच काढा. आणि चष्मा लावून देऊन दुसऱ्या खोलीत निघून जायचं असेल, तर तो आणूच नका.

आपल्याला हवं ते बडोदं आजच्या कॅमेऱ्यात पुरतं सापडणार नाही. ते तुमच्या अल्बममध्ये आहे: वाड्याचा चौक, रावपुऱ्यातली दुकानं, कमाटीबागेत काढलेले फोटो. तुमच्याकडे असे फोटो असतील तर ते घेऊन आमच्याकडे या. संध्याकाळी, सहाच्या आधी. आणि आल्यावर आईशी बोला.